पहिली विस्तवाला

— अन् मी दुसरं काय म्हणतोय, शेखर? मी बी तेच म्हणतोय. मशीन वाईट. तिची दांडी वाईट. दुकान वाईट, दुकानात शिकवणारी बाई वाईट — आता अजून कोण वाईट पायजे तुला? आलोय की मी. रहाटणीतच हाय, दुकानाच्या दारात, मशीन पोत्यात बांधून आणलीय, तू म्हणशील त्या कागदावर सही करतो — पर मला शिकवू नको. तुझी बहीण असंल, माझी बायको हाय ती, छत्तीस वर्षं झाली — हॅलो. हॅलो? — ठिवला. ठिवला बघा फोन. मेव्हणा हाय माझा, तळेगाव दाभाड्याला असतो. बारा वर्षांनी ल्हान माझ्यापेक्षा. माझ्या वरातीत चड्डीवर नाचत होता, अन् आता मला सांगतो, दाजी, तुमी तोंड उघडू नका, नुसती सही करा.

न्हाई न्हाई, तुमी बसा. शटर अर्धं वर दिसलं म्हणून वाकून आत आलो. कंपनीचा माणूस साडेदहाला येणार ना, ही बिनतेलाची तळायची मशीन तपासायला? मग हाय की येळ. मालक बी आले न्हाईत अजून? बरं झालं. म्हंजे बरं झालं म्हंजे — मला तुमच्याशीच काम हाय. तुमी त्याच ना, रश्मी मॅडम? वळखलं मी. तुमचा फोटो हाय आमच्या घरात. मोबाईलात हाय, छबूच्या. तुमी मधी अन् बाकीच्या बाया कडंनी, हातात एकेक करंजी धरून. छबू पार शेवटाला. पदर तोंडाला लावून हसतीय. छबू म्हंजे माझी मंडळी, पुनावळ्याची छबूबाई. — व्हय. तीच. जिचा हात भाजला ती.

आता तुमी अशा बघणार हे मला ठावंच होतं. भांडाय न्हाई आलो मी. आवाज माझा असाच हाय, बावीस वर्षं चाकणला कंपनीची बस हाकली, शिफ्टची बस, इंजिनाच्या वर बोलायचं म्हणल्यावर नरड्याला तीच सवय लागती. तक्रार शेखरनं केली. लिवली बी त्यानंच. मी चौथीत शाळा सोडली, मला सही येती अन् बसची पाटी वाचता येती, त्याच्या पुढं न्हाई. त्यानं फोनवर वाचून दाखवलं मला काय लिवलंय ते — की कालचा न्हाई, त्याच्या आधीचा रविवार, गरम भांडं बाहेर काढताना दांडी निसटून हातात आली अन् बहिणीचा उजवा हात मनगटापासनं कोपरापर्यंत भाजला. मशीन खराब. अन् शिकवणाऱ्या बाईनं सांगितलं होतं की हे कढईपेक्षा बरं, हात भाजायची भीती न्हाई. असं म्हणला होता तुमी? म्हणला असाल. खरंच हाय की ते. — म्हंजे — जाऊ द्या.

माझं काम येगळंच हाय. ती फळाची पेस्ट्री — तुमी पेस्ट्री म्हणता, आमच्यात ती करंजीच, आकार करंजीचा अन् नाव पेस्ट्री, चालतंय — ती मला करून दाखवा. आत्ता. पीठ भिजवून आणलंय, ह्या डब्यात हाय. पेरू आणलेत, परसातलं. तिथं मांडलीय ना तुमची दाखवायची मशीन? मग लावा की. पाऊण तास हाय. — कुणासाठी म्हंजे? मीच करणार. माझ्या हातानं. हसू नका. बरं हसा, पर मशीन लावा.

कसंय, नीट सांगतो, म्हंजे तुमाला बी पटंल. गेल्या दिवाळीच्या आधी माझ्या काळजात दोन स्प्रिंगा घातल्या डॉक्टरनं. गाडीवर असतानाच झालं, मोशीच्या चौकात, बेचाळीस माणसं आत. आधी बस कडंला घेतली अन् मग पडलो — हे ध्यानात घ्या, आधी कडंला घेतली. तवापासनं बस सुटली अन् तेल बी सुटलं. डॉक्टर म्हणला तळलेलं बंद अन् राग बंद. मी म्हणलं दोन्हीतलं एक काय ते सांगा. तो हसला, छबू न्हाई हसली. घरी आल्या आल्या तिनं कढई माळ्यावर टाकली. अन् मग काय, उकडलेला दुधी, उकडलेला घेवडा, बिनफोडणीचं वरण. मी ताट सरकवायचो. एकदा न्हाई, रोज. दिवाळी बिनकरंजीची गेली आमच्या घरात, माझ्या आईच्या येळेपासनं असं कवा झालं नव्हतं. मी काय काय बोललो असंल तिला त्या दिवाळीत, ते मला आठवत न्हाई. तिला आठवत असंल.

मग ती तुमच्याकडं याया लागली. दर शनवारी रिक्षानं पुनावळ्याहून इथं. मला सांगितलं बी न्हाई, मला वाटलं भजनाला जाती. चार शनवार गेले अन् पाचव्याला हे काळं डबडं घेऊन घरात. म्हणली ह्याच्यात बिनतेलाची करंजी होती. मी म्हणलं मग तिला करंजी कशाला म्हणायचं, भाकर म्हण. झालं, तवापासनं घरात उठता बसता तुमचंच नाव. रश्मी मॅडम म्हणल्या पेरू शिजवून गाळून घ्यायचा, एक बी राहू द्यायची न्हाई. रश्मी मॅडम म्हणल्या चमच्यातनं गोळा पडंपर्यंत आटवायचा. रश्मी मॅडम म्हणल्या गूळ नावाला घाला, जायफळ वासापुरतं. मी म्हणायचो, मग जेवायला बी रश्मी मॅडमलाच वाढ. तर म्हणायची, वाढलं असतं, त्या निदान नावं ठेवत न्हाईत.

पेरूचं झाड आमच्या परसात हाय. सगळी वावरं गेली, चहूबाजूनी टावर झाले, दुपारी बारा ते दोन एवढंच ऊन लागतं त्याला, तरी धरतंय बिचारं. ल्हानच धरतंय, पर धरतंय. तेच पेरू आणलेत. बघा, वास बघा.

कृती मला पाठ हाय, ऐका. निम्मा मैदा, निम्मी कणीक, चमचाभर तूप, दह्यात भिजवायचं. पाच पोळ्या पातळ. पोळीला पोळी लावताना मधी साटा, पापुद्रं सुटाया लागतात म्हणून. आमच्या आईचा साटा म्हंजे तूपच तूप, बोटं बुडत्याल एवढं, अन् तुमचा चिमूटभर, तो बी अर्धं दूध घालून. मग गुंडाळी, मग कापायचं, मग लाटायचं, पेरू भरायचा, आधी भाजलेला रवा टाकायचा म्हंजे पाणी सुटत न्हाई. काट्यानं वर टोचायचं. दुधाचा हात. एकशे सत्तर, बारा मिनिटं, मधी एकदा पलटी. बरोबर? एक अक्षर चुकलं का? न्हाई ना? मग हाताला का येत न्हाई, सांगा मला. बावीस वर्षं मी घाटात बस उलटी घेतली हाय, अन् हे येत न्हाई.

मंगळवारी पहिला घाणा केला. मी काय केलं — सांगतो, हसायचं न्हाई — दोन वाट्या तेल वतलं त्यात. मला वाटलं हे नुसतं म्हणायला बिनतेलाचं, बायका आपल्या लपवून घालत असत्याल थोडं. तळायची मशीन अन् तेल नको? ते जाळीतनं गळालं खाली, अन् धूर, असा धूर, की मागच्या टावरातनं शिट्ट्या माराया लागले वॉचमन. मी बटन शोधतोय बंद करायचं, सगळं इंग्रजी, कुठलं बी दाबावं तर ती नुसती टींटीं करती. शेवटी दांडी धरली अन् खसकन वढून भांडं बाहेर घेतलं, तसंच धरून पळत न्हेलं मोरीत अन् वरनं पाणी — मग चर्र झालं ते सगळं. अन् बुधवारी दुसरा घाणा, त्यात मग एक थेंब तेल न्हाई, तर ते —

काय झालं?

काय बघताय? — दांडी? कुठली दांडी? — दांडी म्हणलो का मी? दांडी न्हाई, कड. कडंला धरलं, फडक्यानं. तुमी ऐकलं चुकीचं. मंगळवार का सोमवार ते बी मला नीट — बरं. बरं, असं बघू नका. तुमी छबूसारखं बघताय. ती बी अशीच नुसतं बघायची, की माणूस आपोआप पुढचं सांगतंय.

थांबा. पोतं सोडतो. बघा ही दांडी. तुटलीय का न्हाई? तुटलीय. आता हे बघा, इथं, ह्या बुडाशी. ह्या खुणा. आपोआप निसटलेल्या दांडीला अशा खुणा असत्यात व्हय? तुमी रोज हाताळता, तुमाला कळंल. कंपनीच्या माणसाला तर दारातनंच कळंल. मी तोडली. गुरुवारी. गाडीचा पान्हा हाय घरात, त्यानं. चार घाव घालावं लागलं, चौथ्याला आली. चांगली दांडी हाय तुमची, लोंबकळलो असतो तरी निसटली नसती.

का म्हंजे? सांगतो ना. गुरुवारी शेखरचा फोन आला — दाजी, सोमवारी कंपनीचा माणूस येणार हाय, ती तुटकी दांडी तशीच ठिवा, फेकू नका. फोन ठिवला अन् मशीनीकडं बघितलं, तर दांडी धड. आता छबूनं सांगितलंय निसटली. हॉस्पिटलात सांगितलंय, भावाला सांगितलंय, भावजयीला सांगितलंय. मग ती निसटलेलीच असाया पायजे का नको? मी काय माझ्या बायकोचा शब्द खोटा पाडू? अख्ख्या जन्मात ती बाई खोटं बोलली न्हाई, दुधात पाणी घातलं न्हाई कवा, अन् एकदाच बोलली तर तिला मी उघडी पाडू? म्हणून तोडली. तवा मला लई शहाणपणाचं वाटलं ते. खरं सांगतो. मला वाटलं तेवढं तरी मी तिच्यासाठी केलं.

मग निसटली न्हाई तर भाजली कशी — हेच ना? विचारा. तोंडात आलंय तुमच्या.

आमच्या घरात एक रीत हाय. तळणाचं काय बी असू दे, करंजी, पुरी, भजं, पहिल्या घाण्यातलं पहिलं विस्तवाला द्यायचं. चुलीत टाकायची माझी आई, हात जोडून. गॅस आला तरी छबू एक तुकडा मोडून बर्नरवर धरायची, जळला की मग बाकीच्यांना. ते झाल्याशिवाय कुणी हात लावायचा न्हाई. तर त्या रविवारी शेखर अन् त्याची बायको आली होती जेवाया. छबू सकाळपासनं हरखली होती, पहिल्यांदाच माणसांसमोर करणार होती तुमची ती पेस्ट्री. ती दोघं बाहेर खोलीत, मी अन् ती आत, दोघंच. मशीन वाजली, तिनं भांडं बाहेर काढून वट्यावर ठिवलं — दांडी धरून, नीट, सावकाश — अन् चिमट्यानं पहिली करंजी बशीत घेतली. अन् थांबली. मशीनीत इकडं बघती, तिकडं बघती. म्हणली, आता विस्तव कुठं ह्याच्यात? मी म्हणलं तुझ्या मॅडमला विचार. तर तिनं ती बशी माझ्या पुढं धरली अन् म्हणली —

‘घ्या. पहिली तुमालाच. ह्या घरातला विस्तव तुमीच हाय.’

गंमतीनं म्हणली. आता मला कळतंय गंमतीनं म्हणली, हसत होती, हात बी जोडल्यासारखं केलं तिनं. पर बाहेर शेखर हसला. मांडीवर थाप मारून हसला, त्याची बायको हसली. म्हणला, आक्का, बरोबर बोललीस, बरोबर बोललीस. अन् माझ्या डोक्यात ते गेलं. मी काय केलं — मी बशीला न्हाई, त्या भांड्याला हात मारला. असा. उलट्या हातानं. म्हणलं ठिव तुझी भाकर. भांडं वट्यावरनं सुटलं. अन् छबू बाजूला व्हायची का न्हाई, सांगा? कुणी बी बाजूला होईल. ती पुढं झाली. करंज्या सांडत्याल म्हणून. दोन्ही हातांत धरलं तिनं ते, ह्या हातावर घेतलं, छातीशी. सकाळपासनं केलेल्या होत्या ना. एक खाली पडू दिली न्हाई, ती बशीतली तेवढी पडली.

अन् वरडली न्हाई. भांडं वट्यावर ठिवलं परत, अन् बाहेरनं शेखर म्हणतोय काय झालं, काय झालं — तर माझ्याकडं बघून, मोठ्यानं म्हणली, काय न्हाई, दांडी निसटली. अजून मी तोंड उघडलं नव्हतं. तिनं आधीच सांगून टाकलं. मी म्हणलं — माहितीय मी काय म्हणलो? मी म्हणलो, तरी मी सांगत होतो ही मशीन नको म्हणून.

पाणी हाय का इथं? — न्हाई, गोळी घेतलीय सकाळची.

शेखर तिला घेऊन गेला हॉस्पिटलात अन् तिथनं तळेगावला. म्हणला आठ दिस राहू दे, तुमच्याकडं कोण करणार तिचं. अन् मी एकटा घरात. ती खाली पडलेली उचलली मी अन् खाल्ली. वट्यापाशी हुबा राहून. हलकी होती वो. हातात धरली तर हाय का न्हाई कळंना. पापुद्रा तोंडात इरघळला अन् पेरू — आमच्याच परसातला पेरू, जन्मभर खाल्लेला, मला वाटलं दुसरंच कायतरी फळ हाय. म्हणून मला ठावं हाय ती कशी व्हायला पायजे. म्हणून माझी झाली न्हाई तेबी मला ठावं हाय. बुधवारची दगड झाली, शेजारच्या कुत्र्यानं हुंगून सोडली. शनवारची जरा बरी झाली. दांडी तुटलेली, मग सांडशीनं वढलं भांडं. दोन बोटं भाजली माझी, ही बघा. तेवढंच बरं वाटलं.

त्या शनवारच्या करंज्या डब्यात भरल्या अन् काल गाडीवर टाकून तळेगावला गेलो. फोन तर ती घेतच न्हाई, आठ दिस झालं. शेखर दारात. म्हणला झोपलीय. झोपली नव्हती, पडद्याच्या खाली पाय दिसत होते तिचे, पैंजण काढल्याली. मी डबा दिला. म्हणलं तिला सांग मी केल्यात. आत गेला डबा. मी हुबा, दारातच, मला बस म्हणलं न्हाई कुणी. जरा येळानं शेखरची बायको डबा घेऊन बाहेर आली, जसाच्या तसा, नुसतं झाकण उघडून लावल्यालं. म्हणली, वन्सं विचारत्यात, पहिली कुणाला दिली?

खरंच कुणाला न्हाई दिली मी. ध्यानातच न्हाई राहिलं. म्हणलं, कुणाला न्हाई. ती आत जाऊन आली. म्हणली, मग न्या म्हणाल्या.

म्हणून मी इथं आलो. मला वाटलं माझी करंजी नीट न्हाई म्हणून परत आली. एकदा नीट हलकी झाली, तिच्यासारखी झाली, की मग ती — लावा ना मशीन. एकच घाणा. शेखर म्हणलाय सही झाली की दोन दिसांनी आक्काला तुमच्याकडं सोडतो. पर मला ती तशी नकोय, सोडलेली. तिनं यायला पायजे. तिनं चप्पल घालून आपल्या पायानं — तुमी लावत का न्हाई मशीन? काय वाईट वागलो मी तुमच्याशी?

काय बंद?

शनवार बंद? व्हय, काचेवर पाटी बघितली मी येताना, शनिवार बंद लिवलंय. मला वाटलं सुट्टी. — कायमचं? म्हंजे शिकवायचं बंद? कुणी, मालकानं? शेखरच्या कागदामुळं? — मग तुमी आता काय — एक तारखेपासनं यायचंच न्हाई? तुमाला काढलं? — तुमची काय चूक त्यात. तुमी तर बरोबर सांगितलं होतं, कढईपेक्षा बरं. बरंच हाय. न्हाई न्हाई, असं कसं काढतील, कंपनीचा माणूस खुणा बघंल अन् — खुणा बघंल अन् काय म्हणंल? म्हणंल बाईनं स्वतःच तोडली. छबूनं. पैशासाठी तोडली म्हणंल. असं म्हणंल? हे माझ्या डोक्यातच आलं न्हाई. मी आपला पान्हा घेतला अन् —

छबूचा फोन? तुमाला? कवा? — परवा? मला उचलत न्हाई, अन् तुमाला करती. काय म्हणली? सांगा. काय असंल ते सांगा, मी काय आता पेटत न्हाई. — माफी मागितली. व्हय, मागंल. अजून? अजून काय म्हणली? — पुन्यांदा सांगा.

‘मॅडम, मला खरं सांगता येत न्हाई, तुमी दुसरीकडं काम बघा.’

अशीच म्हणली? — रडत होती? — न्हाई. ती रडत न्हाई.

म्हंजे तिला येता येत न्हाई. माझी करंजी कशी का होईना. ती आली घरी तर रोज कुणीतरी हात बघणार अन् विचारणार, अन् तिनं रोज तेच सांगायचं. तुमी रस्त्यात भेटल्या तर तिनं तोंड चुकवायचं. अन् माझ्यासमोर बसून जेवायचं. मी आठ दिस पीठ मळतोय. आठ दिस मी एकशे सत्तर, बारा मिनिटं, एकशे सत्तर, बारा मिनिटं करतोय येड्यासारखा. अन् ती विचारती पहिली कुणाला दिली.

ठिवा. पिठाचा डबा तिकडं ठिवा, राहू द्या. पेरू घरी न्या तुमी. तो कागद कुठाय शेखरचा? ह्या फायलीत? तो न्हाई पायजे, त्याच्यावर मी सही करत न्हाई. कोरा घ्या. आडव्या रेघांचा असंल तर बरं, मला सही सरळ येती मग. मराठीत लिवा, अन् लिवल्यावर वाचून दाखवा मला, शेखरसारखं करू नका. मी, सोपान, राहणार पुनावळे. मशीन चांगली होती. दांडी मी पान्ह्यानं तोडली, गुरुवारी. त्याच्या आधीच्या रविवारी गरम भांडं मी हात मारून पाडलं अन् बायकोचा हात भाजला — थांबा. असं नको. आपोआप भाजल्यासारखं वाटतं ते. मी भाजला तिचा हात. असं लिवा. तिनं मला वाचवाय दांडीचं सांगितलं. मॅडमची काय चूक न्हाई. शनवार चालू करा.

त्याचा फोटो काढा अन् छबूला पाठवा. शेखरला बी पाठवा, बघू दे, येऊ दे काठ्या घेऊन. पर आधी तिला.

शटर वाजलं. मालक का? असू द्या. कंपनीचा माणूस बी हाय का संगं? असू द्या म्हणलं ना, त्यांच्याशी मी बोलतो. तुमी उठू नका. मान वर करू नका.

पेन घ्या. लिवा.